उस्तादाच्या शेजारी बसून

माग चालवायला पुस्तक वाचून कोणी शिकत नाही, हे भिवंडीच्या घराघरांत ठाऊक आहे. तुटलेला धागा उस्ताद कसा जोडतो ते शेजारी उभे राहून पाहावे लागते, मग आपल्या हाताने जोडावे लागते. ग्रंथालयातील संशोधनाची विद्याही अशीच एका हातातून दुसऱ्या हातात जाते. इतिहास याला साक्षी आहे.

मौलाना शिबली नोमानी (१८५७–१९१४) यांनी हजरत उमर (रजि.) यांच्या चरित्राची साधने मिळविण्यासाठी सन १८९२ मध्ये तुर्कस्तान, सिरिया व इजिप्त येथील ग्रंथालये पालथी घातली. पुढे लखनौच्या नदव्यात त्यांनी आपले शिष्य सय्यद सुलेमान नदवी यांना ‘अन्-नदवा’ मासिकाच्या कामात घेतले. कोणती माहिती कोठे शोधावी, मूळ ग्रंथाशी ती कशी ताडून पाहावी, हे शिष्य काम करता करताच शिकला.

सुलेमानसाहेब नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात फारसी शिकवू लागले. नोव्हेंबर १९१४ मध्ये गुरू अत्यवस्थ असल्याचे कळताच ते आझमगडला धावले. ‘सीरतुन्नबी’ हा ग्रंथ अपुरा होता. तो पुरा करण्याची जबाबदारी गुरूने त्यांच्यावर टाकली. पुण्याची नोकरी सोडून त्यांनी ती निभावली. आझमगडच्या ‘दारुल मुसन्निफीन’ संस्थेत, ग्रंथांच्या सान्निध्यात, लेखकांची पुढची पिढी घडली.

त्याच संस्थेत आलमगीर बादशहाची पत्रे संपादित करणारे प्रा. नजीब अश्रफ नदवी पुढे मुंबईस आले. जोगेश्वरीच्या इस्माईल युसूफ कॉलेजात त्यांनी अध्यापन केले आणि १९४७ मध्ये स्थापन झालेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या उर्दू संशोधन संस्थेची धुरा वाहिली. अशा रीतीने ही परंपरा आपल्या दाराशी आली.

विद्यार्थी मित्रांनो, गाईडमधून उतरवलेला निबंध गुण देईल, विद्या देणार नाही. ग्रंथपालांच्या शेजारी बसा. सूची कशी पाहतात ते पाहा. एकच घटना दोन पुस्तकांतून वाचा, फरक टिपून ठेवा आणि प्रत्येक टिपणाखाली ग्रंथाचे नाव व पृष्ठांक लिहा.

पालकांनाही एक विनंती आहे. मुलगा वा मुलगी ग्रंथालयात दोन तास बसली, तर तो वेळ वाया गेला असे समजू नका. कारागिरी शिकायला जसा वेळ लागतो, तसा हिलाही लागतो. शिबलींचे अपुरे काम पुरे झाले, कारण त्यांनी शिष्य तयार करून ठेवला होता.