परम ते अर्क: डेस्कटॉपची चिप की सर्व्हरची?

१/ नवा संगणक जुळवू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे एक प्रश्न येतो: प्रोसेसर डेस्कटॉपचा घ्यावा की सर्व्हरचा? डेस्कटॉपचा स्वस्त आणि पुष्कळदा अधिक वेगवान असतो. सर्व्हरचा महाग, तरीही मोठ्या संस्था तोच घेतात. पुण्यातील संगणकतज्ज्ञांपुढे हा प्रश्न १९८८ पासून निरनिराळ्या रूपांत उभा राहिला. त्यांच्या उत्तरांचा धागा थेट नाशिकच्या द्राक्षबागांपर्यंत जातो. थ्रेड.

२/ १९८० च्या दशकात महासंगणक म्हटले की अमेरिकेच्या क्रे कंपनीचे नाव पुढे येई. भारताला असे यंत्र हवे होते ते मुख्यतः हवामानाच्या अंदाजासाठी आणि वैज्ञानिक संशोधनासाठी. परंतु जे यंत्र मान्सूनचे गणित करते, तेच अण्वस्त्रांचे आणि क्षेपणास्त्रांचेही करू शकते. त्यामुळे विक्रीची किल्ली कंपनीच्या हाती नव्हती, ती अमेरिकी सरकारच्या निर्यात परवान्यात होती.

३/ दीर्घ वाटाघाटींनंतर दिल्लीच्या हवामान केंद्रासाठी क्रे एक्स-एमपी/१४ मिळाला, तोही वापरावरील कडक अटींसह. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे असलेले अधिक समर्थ यंत्र मात्र मिळू शकले नाही. यंत्र दुसऱ्याचे असले की त्यावर कोणते गणित करायचे, हेही दुसराच ठरवतो, हा त्या काळाचा कटू धडा होता.

४/ मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजेच सी-डॅक, स्थापन झाले. अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावी जन्मलेले डॉ. विजय भटकर त्याचे संस्थापक कार्यकारी संचालक. मुदत तीन वर्षांची, आणि लक्ष्य सेकंदाला १०० कोटी अपूर्णांकी गणिते करणाऱ्या यंत्राचे, म्हणजे १ गिगाफ्लॉपचे.

५/ क्रेचा मार्ग मोजकेच प्रचंड प्रोसेसर घडवण्याचा होता. त्यासाठी लागणारे कारखाने आणि दशकांचा अनुभव भारतापाशी नव्हता. दुसरा मार्ग असा: बाजारात सहज मिळणाऱ्या, परवान्याच्या फेऱ्यात न अडकणाऱ्या लहान चिप घ्यायच्या आणि त्या मोठ्या संख्येने एकत्र कामाला लावायच्या. सी-डॅकने हा समांतर संगणनाचा मार्ग धरला. मग खरा प्रश्न आला: कोणती चिप?

६/ त्या वेळी मेजावरच्या संगणकात इंटेलची ८०३८६ ही चिप असे. अपूर्णांकी गणिते वेगाने करायची तर तिच्याजोडीला ८०३८७ ही वेगळी चिप बसवावी लागे. त्याहून मोठी अडचण अशी, की शेजारच्या चिपशी थेट बोलण्याची सोय तिच्यात नव्हती. ती एकट्याने काम करण्यासाठी घडवलेली होती. सी-डॅकला हवी होती समूहात काम करणारी चिप.

७/ अशी चिप ब्रिटनमधील ब्रिस्टल येथे सापडली. इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर. ट्रान्झिस्टर आणि कॉम्प्युटर या दोन शब्दांचा हा संकर. कारण ट्रान्झिस्टर जोडून चिप बनते, तशा या चिप जोडून महासंगणक बनावा, अशी कल्पना होती. १९८७ च्या टी-८०० मध्ये अपूर्णांकी गणिताचा विभाग चिपवरच होता, आणि शेजाऱ्यांशी बोलण्यासाठी चार स्वतंत्र दुवे होते.

८/ एकटा टी-८०० फार वेगवान नव्हता. सेकंदाला सुमारे १५ लाख गणिते, एवढीच त्याची प्रत्यक्षातील झेप. ६४ चिपांची मिळून सुमारे साडेनऊ कोटी. लक्ष्याकडे जायचे तर चिपांची संख्या शेकड्यांत न्यावी लागे. पण संख्या वाढवता येते, हेच या निवडीचे मर्म. एकेकट्या वेगाची जागा संवादाने भरून काढायची होती.

९/ १९९१ मध्ये परम ८००० जगापुढे आला. ‘परम’ म्हणजे सर्वश्रेष्ठ. शिवाय ‘पॅरलल मशीन’ या शब्दांचे ते संक्षिप्त रूपही होते. हे यंत्र रशियासह परदेशांतही गेले. ज्या देशाला महासंगणक विकत मिळणे दुरापास्त होते, तो तीन वर्षांत महासंगणक निर्यात करू लागला.

१०/ या यशातच पुढच्या अडचणीचे बीज होते. चिपनिर्मितीत एका कंपनीवर भिस्त ठेवणे धोक्याचे असते. इनमॉसने टी-९००० या नव्या ट्रान्सप्युटरकडून दहापट वेगाचे आश्वासन दिले. तो रेंगाळला आणि आला तेव्हा अपेक्षेइतका वेगवान नव्हता. मधल्या काळात इतर कंपन्यांच्या चिप कितीतरी पुढे निघून गेल्या होत्या.

११/ सी-डॅकने १९९२ मध्ये तोडगा काढला तो परम ८६०० च्या रूपात. प्रत्येक घटकात गणितासाठी इंटेलचा एक आय-८६० आणि जोडीला चार ट्रान्सप्युटर. आय-८६० चा कागदावरील कमाल वेग सेकंदाला ८ कोटी गणितांपर्यंत होता. पण त्याच्यासाठी चांगला कंपायलर लिहिणे इतके अवघड, की साध्या प्रोग्रामला त्या वेगाचा लहानसा अंशच मिळे. जाहिरातीतला आकडा आणि हाती येणारे काम यांतील हे अंतर आजही ग्राहकाला चकवते.

१२/ यातून घेतलेला धडा १९९४ च्या परम ९००० मध्ये दिसतो. त्याची रचनाच अशी, की प्रोसेसर बदलता यावा. सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क, डीईसीचा अल्फा, अशा वेगवेगळ्या चिपांवर त्याच्या आवृत्त्या निघाल्या. चिप येतात आणि जातात. टिकवायची असते ती त्यांना जोडणारी रचना आणि त्यावर चालणारे सॉफ्टवेअर, ही समज येथे पक्की झाली.

१३/ १९९८ चा परम १०००० हा तर सन कंपनीच्या एंटरप्राइज २५० या सर्व्हरांचाच समूह होता. प्रत्येकात दोन अल्ट्रास्पार्क-२ प्रोसेसर. आणि येथे एक गंमत आहे. हाच अल्ट्रास्पार्क-२ सनच्या अल्ट्रा ६० या मेजावर ठेवायच्या वर्कस्टेशनमध्येही बसत असे. चिप एकच, फरक तिच्याभोवतीच्या यंत्रात. मग सर्व्हरसाठी जादा पैसे मोजायचे ते कशाचे?

१४/ हा प्रश्न जगभर विचारला जात होता. १९९४ मध्ये नासाच्या गॉडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी १६ साधे ४८६ संगणक कार्यालयीन इथरनेटने जोडून बेओवुल्फ नावाचा समूह उभारला. दुकानात मिळणारे संगणक आणि मोफत लिनक्स यांच्या बळावर वैज्ञानिक गणिते होऊ शकतात, हे त्याने दाखवून दिले. अनेक विद्यापीठांनी तोच कित्ता गिरवला.

१५/ २००२ च्या अखेरीस सी-डॅकने परम पद्म सादर केला. तो बंगळूरला बसवला गेला. आयबीएमच्या पॉवर-४ या अस्सल सर्व्हर चिपवर तो उभा होता: २४८ प्रोसेसर, कमाल वेग सुमारे १ टेराफ्लॉप, म्हणजे सेकंदाला एक लाख कोटी गणिते. जून २००३ च्या टॉप-५०० या जागतिक यादीत त्याला १७१ वे स्थान मिळाले.

१६/ याच पॉवर-४ पासून आयबीएमने एक धाकटी चिप काढली: पॉवरपीसी ९७०. ती ॲपलच्या पॉवर मॅक जी-५ या डेस्कटॉपमध्ये बसली. २००३ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठाने असे १,१०० डेस्कटॉप जोडले. वेग १०.२८ टेराफ्लॉप, आणि टॉप-५०० मध्ये थेट तिसरा क्रमांक! मेजावरची चिप जिंकली, असे तेव्हा अनेकांना वाटले.

१७/ पुढच्याच वर्षी विद्यापीठाने ते सर्व डेस्कटॉप काढून त्यांच्या जागी ॲपलचेच एक्ससर्व्ह हे सर्व्हर बसवले. प्रोसेसरचे घराणे तेच राहिले. बदलली ती मुख्यतः एक गोष्ट: डेस्कटॉपच्या मेमरीत चूक दुरुस्त करण्याची सोय नव्हती, सर्व्हरच्या मेमरीत ती होती. हिलाच ईसीसी मेमरी म्हणतात.

१८/ मेमरी म्हणजे शून्य आणि एक यांची कोठारे. अवकाशातून येणारे वैश्विक किरण किंवा चिपच्या आवरणातून निघणारे अल्फा कण यांनी त्यातला एखादा शून्य एक होऊन बसतो. यंत्र बंद पडत नाही, धोक्याची सूचना येत नाही. उत्तर तेवढे चुकते. घरच्या संगणकात हे क्वचित घडते, आणि घडले तरी चित्रातला एखादा ठिपका बिघडून प्रकरण मिटते.

१९/ आता हिशेब मांडू या. समजा, एका संगणकात अशी चूक तीन वर्षांतून एकदा होते. घरमालकाला ती जाणवणारही नाही. पण असेच १,१०० संगणक एका गणिताला जुंपले, तर तीन वर्षांचे दिवस १,०९५; म्हणजे चूक जवळजवळ रोज! आणि आठवडाभर चालणाऱ्या गणितात कोणत्या दिवशी, कोणत्या आकड्यात ती शिरली, हे कळायला मार्ग नाही.

२०/ यावरचा उपाय जुना आहे. बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग सुट्टीच्या दिवसांत यंत्राला गणित लावून जात आणि सोमवारी पाहावे तर एका चुकीपायी यंत्राने काम सोडून दिलेले असे. चूक ओळखता येते, तर सुधारता का येऊ नये, या विचारातून त्यांनी १९५० मध्ये आपली संकेतपद्धती प्रसिद्ध केली. आजच्या ईसीसी मेमरीत ६४ बिटांमागे सहसा ८ राखणदार बिटे असतात. एक बिट बिघडले तर ते सुधारतात. दोन बिघडली तर निदान हाक देतात.

२१/ पुणे पुन्हा चर्चेत आले ते नोव्हेंबर २००७ मध्ये. टाटा समूहाच्या कम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजचा ‘एका’ टॉप-५०० मध्ये जगात चौथा आणि आशियात पहिला ठरला. त्यात इंटेलच्या झिऑन ५३०० मालिकेतील १४,२४० गाभे होते. त्याच काळात दुकानांत मिळणाऱ्या कोअर २ क्वाड या डेस्कटॉप चिपमधील गाभाही मूलतः त्याच घडणीचा. झिऑनपाशी जास्तीचे काय होते? एका बोर्डावर दोन चिप बसवण्याची सोय, अधिक मेमरी आणि ईसीसी.

२२/ ‘एका’चा कागदावरील कमाल वेग १७०.९ टेराफ्लॉप, प्रत्यक्ष मोजलेला ११७.९. म्हणजे सुमारे ६९ टक्के. उरलेला वेग मुख्यतः चिपांनी एकमेकींची आणि मेमरीची वाट पाहण्यात गेला. तरीही हजारो चिपांच्या समूहाने एवढे प्रमाण राखणे मोठे काम. त्यासाठी इन्फिनीबँडचे वेगवान जाळे लागले. टी-८०० च्या चार दुव्यांनी शिकवलेला धडाच येथे मोठ्या प्रमाणावर गिरवला गेला.

२३/ आता नाशिक. निफाड, दिंडोरीच्या द्राक्ष बागायतदाराला फवारणी केव्हा करायची, माल केव्हा उतरवायचा, हे आभाळ पाहून ठरवावे लागते. काढणीच्या तोंडावर आलेला एक अवकाळी पाऊस वर्षाची मेहनत धुऊन नेतो. त्याच्या हाती येणाऱ्या अंदाजामागचे गणित पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत घडते: २०१८ पासून ‘प्रत्युष’वर, २०२४ पासून ‘अर्क’वर.

२४/ हवामानाच्या गणितात प्रदेशाचे चौकोन पाडतात. १२ किलोमीटरच्या जाळीत १४४ चौरस किलोमीटरला एकच आकडा. मे २०२५ मध्ये आलेल्या भारत फोरकास्ट सिस्टीमची जाळी ६ किलोमीटरची, म्हणजे एक आकडा ३६ चौरस किलोमीटरला. चौकोन चौपट, शिवाय वेळेची पावलेही निम्मी. म्हणून काम सुमारे आठपट. गारपिटीचा पट्टा याहूनही अरुंद असू शकतो, पण तालुक्याऐवजी गावांच्या गटाबद्दल बोलता येते, हे थोडे नाही.

२५/ या गणितात प्रत्येक पावलाचे उत्तर पुढच्या पावलाचा प्रश्न असते. पहिल्या तासात शिरलेली चूक पाचव्या दिवसापर्यंत वाढत जाते. म्हणून येथे एका चिपचा सर्वोच्च वेग गौण ठरतो. हजारो चिपांनी अखंड, एकमेकींशी बोलत आणि आपल्या चुका सुधारत चालणे महत्त्वाचे.

२६/ ‘अर्क’मध्ये एएमडीच्या एपिक या सर्व्हर चिप आहेत. एपिक आणि घरगुती रायझन यांतील गणित करणारे सिलिकॉनचे तुकडे काही पिढ्यांपासून अक्षरशः एकच असतात. रायझनमध्ये असे एक-दोन तुकडे आणि मेमरीकडे जाणाऱ्या दोन वाटा; ‘अर्क’मधल्या पिढीच्या एपिकमध्ये आठपर्यंत तुकडे आणि आठ वाटा. एवढ्या गाभ्यांची उष्णता सांभाळायची म्हणून प्रत्येकाचा वेग थोडा कमी ठेवलेला.

२७/ म्हणून खेळ, लेखन, चित्रफितींचे संपादन यांना डेस्कटॉपची चिपच योग्य. तेथे सर्व्हरची चिप घेणे म्हणजे उगाच खर्च. परंतु जेथे यंत्र रात्रंदिवस राबते आणि त्याच्या उत्तरावर कोणाचे तरी पीक अवलंबून असते, तेथे जादा पैसा वेगासाठी मोजलेला नसतो. तो उत्तरावर विश्वास ठेवता यावा म्हणून मोजलेला असतो.

#इतिहास #संगणक #पुणे #नाशिक