पानात काय पडते?

नाडी पाहावी, जीभ पाहावी, डोळ्याची पापणी खाली ओढून रक्ताचा रंग अजमावावा, ही रोगपरीक्षेची रीत आपल्या चांगल्या परिचयाची आहे. परंतु “बाई, काल दिवसभरात तुमच्या पानात काय पडले?” हा साधा प्रश्नही निदानाचे साधन ठरू शकतो, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. या प्रश्नाच्या बळावर एका प्राणघातक रोगाचे मूळ शोधले गेले आणि तेही आपल्या मुंबईत, परळला. त्या शोधाची हकिगत मराठी वाचकाने जाणून घ्यावी अशी आहे.

१९२० नंतरच्या दशकात मुंबईच्या गिरणगावातील अनेक गर्भवती स्त्रियांना दिवस भरत येताना एक विलक्षण पंडुरोग जडे. चेहरा पांढराफटक पडे, चार पायऱ्या चढताच धाप लागे आणि कित्येकींना बाळंतपण सोसत नसे. त्यांच्या रक्तातील तांबड्या पेशी संख्येने थोड्या, पण आकाराने अवास्तव मोठ्या असत. अशाच पेशी पाश्चात्त्य देशांतील एका मारक पंडुरोगातही दिसत. त्या रोगावर रोज भरपूर यकृत खाल्ल्याने उतार पडतो, हे बोस्टनच्या मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनी १९२६ मध्ये दाखविले होते. तेव्हा मुंबईचा रोगही तोच असावा, असे कोणालाही वाटले असते.

भारतातील स्त्रियांच्या आरोग्यासाठी दीर्घकाळ झटलेल्या डॉ. मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने या रोगाची चौकशी सुरू झाली आणि १९२८ मध्ये लूसी विल्स ही इंग्रज डॉक्टर हाफकिन संस्थेत दाखल झाली. तिचा जन्म १८८८ चा. वैद्यकाकडे वळण्यापूर्वी केंब्रिजमध्ये तिने वनस्पतिशास्त्र व भूशास्त्र यांचे अध्ययन केले होते. हाफकिन संस्था गव्हर्नरसाहेबांच्या जुन्या वाड्यात होती आणि सभोवार गिरण्यांची धुराडी उभी होती. रोग आणि प्रयोगशाळा यांच्यात अंतर असे नव्हतेच.

विल्सबाईंनी रक्त तपासले, जंतुसंसर्गाचा माग काढून पाहिला. पण खरा धागा मिळाला तो स्वयंपाकघरात. मुंबईतील निरनिराळ्या थरांतील स्त्रिया काय खातात व कशा राहतात, याची पाहणी तळपदे या सहकाऱ्याबरोबर करून त्यांनी ती १९३० मध्ये प्रसिद्ध केली. आहार जिथे सर्वांत निकृष्ट, तिथेच रोगाचा जोर अधिक, असे आढळून आले. गरीब मुसलमान स्त्रियांची दशा त्यात विशेष वाईट होती.

मग तशाच निकस अन्नावर उंदीर व माकडे ठेवून प्रयोग झाले. उंदरांच्या पंडुरोगात एका संसर्गाचाही हात होता, असे पुढे निष्पन्न झाले. त्यामुळे तो पुरावा लंगडा पडला. माकडांनी मात्र वाट दाखविली. ‘मार्माइट’ नावाचा यीस्टचा काळपट, खारट अर्क देताच त्यांचे रक्त सुधारले. हाच स्वस्त अर्क रुग्ण स्त्रियांना देता त्यांच्याही रक्ताने उभारी घेतली. १९३१ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने हे जगापुढे मांडले.

पुढे आणखी एक महत्त्वाची गोष्ट ध्यानात आली. यकृताचा शुद्ध केलेला अर्क पाश्चात्त्य रोगाला लागू पडे, पण मुंबईच्या रोगाला नव्हे. कच्चा अर्क व यीस्ट मात्र चाले. म्हणजे रोग दोन होते आणि उणिवाही दोन. मुंबईच्या रोगातील अज्ञात द्रव्याला ‘विल्स घटक’ म्हणू लागले. १९४१ मध्ये टेक्सासच्या शास्त्रज्ञांनी चार टन पालकातून एक द्रव्य वेगळे काढले आणि लॅटिन ‘फोलियम’, म्हणजे पान, यावरून त्याला फोलिक आम्ल असे नाव दिले. विल्स घटक तो हाच. दुसरे द्रव्य, ब-१२ जीवनसत्त्व, १९४८ मध्ये हाती आले.

नवी पेशी घडविताना शरीराला फोलिक आम्ल लागते. ते नसले की अस्थिमज्जेतील पेशी फुगतात, पण नीट विभागत नाहीत. शरीरातील त्याचा साठा जेमतेम काही महिने पुरतो आणि गर्भ वाढू लागला की गरजही वाढते. पालेभाज्यांत व डाळींत ते असते. पण भाजी फार वेळ शिजवून पाणी फेकून दिले की बरेचसे नष्ट होते. म्हणूनच आहाराची परीक्षा करताना पदार्थांची नावे विचारून भागत नाही. किती, कसे शिजवलेले आणि कोणाच्या जेवणानंतर उरलेले, हेही विचारावे लागते. आपल्याकडे डोहाळजेवण थाटात होते, पण ते एका दिवसाचे. इतर दिवशी त्याच गर्भवतीने सर्वांच्या मागून तळाशी राहिलेल्या भाजीवर भागवावे, ही रीत अनेक घरांतून अद्याप गेलेली नाही.

आज गर्भवतीला लोह व फोलिक आम्लाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात, आणि त्या तिने अवश्य घ्याव्यात. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के पंडुरोगी आढळल्या. याची कारणे अनेक आहेत: लोहाची उणीव, ब-१२ ची उणीव, जंत, हिवताप. ब-१२ कमी असताना नुसते फोलिक आम्ल दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि मज्जातंतूंची हानी मात्र चालूच राहते. सर्व पंडुरोगांना एकच औषध मानता येत नाही, हा परळचा धडा इथेही लागू पडतो.

विल्सबाई १९६४ मध्ये वारल्या. ज्या स्त्रियांच्या रक्तावरून हे ज्ञान मिळाले, त्यांची नावे इतिहासात नाहीत. त्यांचे ऋण फेडायचे तर गोळी हातावर ठेवण्यापूर्वी तिच्या पानात काय पडते, हे वैद्याने विचारले पाहिजे. आणि तिच्या पानात पुरेसे पडेल, हे घरच्यांनी पाहिले पाहिजे.