कोइने ग्रीक : सामाईक भाषा कोणाची?

अभिजात भाषा म्हटले की आपल्याकडे संस्कृतच्या जोडीला ग्रीकचे नाव घेण्याची पद्धत आहे. दलित कथा-कवितेच्या भाषेला नाके मुरडणारे समीक्षकही शुद्धतेच्या गोष्टी सांगता सांगता मधूनच ग्रीकांकडे बोट दाखवतात. अशा वेळी मला विचारावेसे वाटते, कोणती ग्रीक? होमरची, सॅफोची, अथेन्सच्या रंगभूमीवरची, की ज्या ग्रीकमध्ये बाजारहाट झाला, मजुरीचे हिशेब लिहिले गेले आणि पुढे ख्रिस्ताची शुभवर्तमाने सांगितली गेली ती? या शेवटच्या ग्रीकला 'कोइने' म्हणतात. कोइने म्हणजे सामाईक. सामाईक भाषा घडते कशी आणि ती खरोखर कोणाकोणाची होते, हे दोन्ही प्रश्न तिच्या इतिहासात गुंतलेले आहेत, म्हणून तो आपल्या कार्यकर्त्यांनी व शिक्षकांनी पाहावा असे मला वाटते.

इ.स.पू. 5 व्या शतकात सर्वांची मिळून अशी एक ग्रीक भाषा नव्हतीच. अथेन्सची ॲटिक, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरची आयोनिक, स्पार्टा व सिराक्यूज येथील डोरिक, लेस्बॉस बेटावरची एओलिक अशा बोली होत्या आणि नगरराज्ये आपापले कायदे आपापल्या बोलीत दगडावर कोरीत. लिपीसुद्धा जागोजागी वेगळी होती. अथेन्सने आयोनियाची वर्णमाला राज्यव्यवहारासाठी स्वीकारली ती इ.स.पू. 403 च्या सुमारास. म्हणजे ज्या अथेन्सच्या भाषिक शुद्धतेचे पुढे पोवाडे गायले गेले, त्याची अक्षरेदेखील शेजाऱ्याकडून घेतलेली होती.

याच 5 व्या शतकातली अथेन्सच्या राज्यपद्धतीवरची एक लहानशी पुस्तिका उपलब्ध आहे. पूर्वी ती झेनोफॉनच्या नावावर मोडत असे. लोकशाहीचा मनापासून तिटकारा असलेला हा लेखक कोणीतरी उमराव असावा. तो म्हणतो की समुद्रावरच्या सत्तेमुळे अथेन्सच्या लोकांच्या कानांवर तऱ्हेतऱ्हेच्या बोली पडतात, ते एकीकडून हे उचलतात, दुसरीकडून ते उचलतात. इतर ग्रीक आपली बोली आणि आपला पेहराव राखून असतात, अथेन्समध्ये मात्र ग्रीक आणि बर्बर सगळ्यांचे मिश्रण झाले आहे. त्याच पुस्तिकेत त्याची दुसरी तक्रार अशी की या शहरात गुलाम रस्त्यात बाजूला होत नाहीत आणि त्यांना मारताही येत नाही. कारण सामान्य नागरिकाचे कपडे गुलामापेक्षा बरे नसतात, गुलाम समजून एखाद्या नागरिकालाच फटका बसायचा! या दोन्ही तक्रारी एकाच लेखणीतून निघाल्या याला मी योगायोग मानत नाही. जहाजे वल्हवणारे हात गरिबांचे होते, मिश्रण त्यांच्याच तोंडी झाले होते. भाषेची सरमिसळ आणि रस्त्यावर न वाकणारा माणूस, या दोन्ही गोष्टी त्याला एकदमच खुपल्या.

पुढे मॅसिडोनियाच्या दरबाराने ॲटिक ही कारभाराची भाषा केली. अलेक्झांडरच्या सैन्यात ठिकठिकाणचे ग्रीक एकत्र आले आणि इ.स.पू. 323 मध्ये तो मेल्यावर अलेक्झांड्रिया, अँटिओक यांसारख्या नव्या नगरांतून ते शेजारी शेजारी राहू लागले. जी रूपे एखाद्याच गावाची खूण होती ती गळत गेली, अनेकांना कळणारी टिकली. समुद्राला अथेन्सचा माणूस 'थालात्ता' म्हणे, कोइनेने इतरांचे 'थालास्सा' घेतले. 'लोक' या अर्थाचा ॲटिक शब्द 'लेओस' मागे पडला आणि 'लाओस' रूढ झाला. द्विवचन गळाले, जसे ते पालीतूनही गळाले. व्याकरणाचा सांगाडा बराचसा ॲटिकच राहिला, पण त्यावर अथेन्सची मालकी राहिली नाही.

इथवर वाचून कोणाला वाटेल की कोइने म्हणजे जनतेचा विजय. मला तसे म्हणवत नाही. ती जेत्यांच्या मागोमाग गेलेली भाषा आहे. कर, कोर्ट आणि सावकारी तिच्यातून चाले. थिओक्रिटस या कवीच्या एका रचनेत सिराक्यूजच्या दोन बायका अलेक्झांड्रियातल्या उत्सवाच्या गर्दीत बोलत असतात आणि एक परका पुरुष त्यांच्या रुंद स्वरांवरून त्यांना टोकतो. त्या त्याला फणकाऱ्याने ऐकवतात की डोरियन माणसाने डोरिक बोलायला कोणाची हरकत नसावी. त्या ग्रीक होत्या, त्यांना असे उत्तर देता आले.

ज्याला ते देता येत नव्हते अशा एका माणसाचे पत्र इजिप्तच्या वाळूत टिकून राहिले आहे. इ.स.पू. 3 ऱ्या शतकाच्या मध्यावर, टॉलेमी राजांच्या अमलात, झेनॉन नावाच्या कारभाऱ्याकडे उंटांच्या कामावर असलेला हा बिगरग्रीक नोकर. त्याचे गाऱ्हाणे असे : ठरलेला पगार मिळत नाही, तेल-धान्य वेळेवर मिळत नाही, पगाराऐवजी हलकी दारू घे म्हणतात. मला तुच्छ लेखतात, कारण मी बर्बर आहे. मला 'हेल्लेनिझेइन' येत नाही म्हणून मी उपाशी मरू नये एवढे बघा. या क्रियापदाचा अर्थ ग्रीक बोलणे असाही होतो आणि ग्रीकांसारखे वागणे असाही. आणि ग्रीक येत नसल्याची ही तक्रार लिहिलेली आहे ती ग्रीकमध्येच! मजुरी मागायची तर मालकाच्या भाषेत मागावी लागे. सामाईक भाषेच्या दारात उभ्या असलेल्या माणसाचा इतका स्पष्ट पुरावा मी दुसरा वाचलेला नाही.

त्याच शतकात हीच कोइने आपल्या बाजूने एका वेगळ्या कामी आली. कंदाहार येथे 1958 साली सम्राट अशोकाचा ग्रीक आणि अरेमाइक भाषांतला लेख सापडला. पाठोपाठ आणखी एक ग्रीक लेख मिळाला, त्यात बाराव्या व तेराव्या शिलालेखांतला मजकूर आहे. तिथे 'धम्म' या शब्दासाठी 'युसेबिया' हा ग्रीक शब्द योजला आहे. सम्राटाने तिथल्या प्रजेवर मागधी लादली नाही, तिला कळेल त्या भाषेत धम्म सांगितला. पुढे आपल्या कार्ल्याच्या लेण्यात धेनुकाकटच्या यवनांनी स्तंभांचे दान केले, ते लेख मात्र प्राकृतात आहेत आणि दात्यांची नावेही सिंहध्वज, धर्म अशी इथलीच आहेत.

कोइने स्थिरावल्यावर शुद्धिवादी जागे झाले. इ.स. 2 ऱ्या शतकात फ्रिनिखसने 'हे म्हणू नये, ते म्हणावे' अशी शब्दांची यादीच केली. तिचे मोजमाप पाचशे वर्षांपूर्वीच्या अथेन्सचे होते. मोइरिस नावाच्या कोशकाराने तर दोन बाजू पाडल्या : 'ॲटिक लोक असे म्हणतात' आणि 'हेल्लेन असे म्हणतात'. म्हणजे साध्या बोलणाऱ्याला तो सरळ हेल्लेन, ग्रीक म्हणतो, पण त्याची ग्रीक त्याला कमअस्सल वाटते! त्याच शतकात सेल्ससने ख्रिस्ती धर्मप्रचारकांची टर उडवली ती लोकरीचे कामगार, चांभार आणि परीट म्हणून. या लोकांची शुभवर्तमाने कोइनेत होती, हे मुद्दाम सांगायला नको.

नंतर ख्रिस्ती धर्मालाच सत्ता मिळाली, आणि शुभवर्तमानांच्या भाषेचे करायचे काय असा पेच विद्वानांना पडला. ती प्लेटोसारखी नाही हे दिसत होते. मग ती 'पवित्र आत्म्याची' खास भाषा आहे असेही कोणी म्हणून पाहिले. हा पेच उकिरड्याने सोडवला. 1896-97 च्या हिवाळ्यात ग्रेनफेल आणि हंट हे दोन इंग्रज संशोधक इजिप्तमध्ये ऑक्सिरिंकस येथील कचऱ्याचे ढिगारे खणू लागले. पावत्या, अर्ज, भाडेकरार, आईला लिहिलेली पत्रे असे पपायरसचे ढीगच्या ढीग निघाले. अशाच कागदांशी ताडून जर्मन अभ्यासक आडोल्फ डाइसमान याने 1895 पासून दाखवून दिले की ज्या शब्दांना खास धार्मिक समजत होते त्यांतले कितीतरी शब्द साध्या पावत्यांत आणि अर्जांत वापरलेले आहेत. त्याने हिब्रू-अरेमाइकची छाया काहीशी कमी लेखली, असे पुढच्या अभ्यासकांचे मत आहे आणि ते बरोबर दिसते. पण मूळ मुद्दा टिकला.

यानंतरची हकीगत अथेन्सचीच आहे. 1901 साली 'आक्रोपोलिस' या वृत्तपत्रात आलेक्झांद्रोस पाल्लिस याने केलेले शुभवर्तमानाचे भाषांतर छापून येऊ लागले, लोकांच्या चालू बोलीत. विद्यापीठाचे विद्यार्थी पवित्र भाषेच्या रक्षणासाठी रस्त्यावर उतरले. नोव्हेंबरमधल्या त्या दंगलीत आठ माणसे मेली. ज्या मूळ भाषेचे सोवळे राखायला ते धावले ती कोइने होती! 1911 च्या राज्यघटनेने अधिकृत भाषेला संरक्षण दिले आणि 'काथारेवूसा', म्हणजे शुद्ध केलेली भाषा, पुढची कित्येक वर्षे सरकारी कारभारात आणि वरच्या शिक्षणात ठाण मांडून राहिली. 1967 च्या लष्करी राजवटीनेही तिचीच पाठराखण केली. ती राजवट 1974 मध्ये कोसळली आणि 1976 च्या कायद्याने लोकभाषा 'दिमोतिकी' शाळांतून आली. ग्रीसमधल्या चर्चमध्ये शुभवर्तमान आजही वाचले जाते ते कोइनेतच. आणि समोर बसलेल्या पुष्कळांना ते शब्दाशब्दाने उलगडून सांगावे लागते.