शृंगवेर : शिंग की मूळ?

संस्कृतात आल्याचे एक नाव ‘शृंगवेर’. शृंग म्हणजे शिंग, आणि ‘वेर’ म्हणजे शरीर असे कोशकार सांगतात. ज्याचे अंग शिंगासारखे, ते शृंगवेर. फाटे फुटलेले आले हातात घेतले की हा अर्थ चटकन पटतो.

शंका येते ती ‘वेर’पाशी. शरीर या अर्थाचा हा शब्द बहुतांशी कोशांपुरताच राहिलेला आहे. याउलट तमिळमध्ये ‘वेर्’ आणि मल्याळममध्ये ‘वेरु’ म्हणजे झाडाचे मूळ, आणि तो शब्द तिथे रोजच्या बोलण्यातला आहे. दोन्ही भाषांत आल्याला म्हणतात ‘इंजि’. पालीत आल्याचे नाव ‘सिंगिवेर’. दक्षिणेकडील भाषांत शब्दारंभीचा च-कार अनेकदा गळून पडतो, हे ध्यानात घेतले की ‘इंजि’ आणि ‘सिंगि’ यांचे नाते उलगडते. ॲलन रॉस या भाषाशास्त्रज्ञाने १९५२ मध्ये या एकाच शब्दावर पुस्तक लिहिले. मूळ द्राविडी, अर्थ ‘आल्याचे मूळ’. शिंग मागाहून आले. परका शब्द ओळखीचा वाटावा म्हणून पंडितांनी त्याला संस्कृत अर्थ चढवला, असे म्हणणेच सयुक्तिक ठरते. (वनस्पतिशास्त्राच्या लेखी आले हे मूळ नव्हे, जमिनीखालचे खोड. पण ते खणून काढणाऱ्याला त्याचे काय!)

हाच शब्द व्यापाऱ्यांबरोबर पश्चिमेस गेला : ग्रीकमध्ये ‘झिंगिबेरिस’, अरबीत ‘झंजबील’, पुढे इंग्रजीत ‘जिंजर’. गंमत अशी की, इसवी सनाच्या पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी आले अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राकाठी पिकते असे लिहितो. माल अरबांच्या हातून येई, तेव्हा पीकही त्यांचेच, असा समज. आले ही मिरवेलीची मुळी आहे, असेही तेव्हा काही जण मानत. ते मात्र प्लिनीने खोडून काढले. मालाचा खरा मुलूख रोमला ठाऊक नव्हता; तो नावात मात्र शाबूत होता. १८०७ मध्ये विल्यम रॉस्को याने आल्याला ‘झिंजिबर ऑफिसिनाले’ हे शास्त्रीय नाव दिले, तेव्हा ते दक्षिणी ‘वेर्’ लॅटिन वेषात कायम झाले.

मराठीत शृंगवेर रुजलाच नाही. मराठीने ‘आर्द्रक’ म्हणजे ओले यावरून ‘आले’ घेतले, आणि वाळवलेल्याला ‘शुण्ठी’वरून ‘सुंठ’ म्हटले.