ग्वाल्हेरच्या तारमार्गापासून आदेशभाषेपर्यंत : दूरसंचार यंत्रणेच्या भाषेचा इतिहास

प्रस्तावना

ग्वाल्हेर शहर मराठी भाषकांना शिंदे घराण्याची राजधानी म्हणून परिचित आहे. आग्रा ते मुंबई हा आरंभीचा तारमार्ग ग्वाल्हेर व इंदूरमार्गे जात होता, त्यामुळे दूरसंचाराच्या इतिहासातही या शहराला स्थान आहे. तारयंत्राची भाषा आणि आधुनिक दूरध्वनी केंद्राची आदेशभाषा यांच्यात सव्वाशे वर्षांचे अंतर आहे. तथापि, यंत्राची मर्यादित भाषा कोणाला शिकता येते आणि तिच्या वापराची जबाबदारी कोणाची, हे प्रश्न दोन्ही काळांत समान राहिले. प्रस्तुत निबंधात याच प्रश्नांचा आढावा घेतला आहे.

तारयंत्राची भाषा

भारतातील तारव्यवस्थेची उभारणी विल्यम ब्रूक ओ'शॉनेसी यांच्या देखरेखीखाली झाली. कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली तारवाहिनी १८५१ मध्ये कार्यान्वित झाली. २४ मार्च १८५४ रोजी आग्र्याहून कलकत्त्याला पहिला संदेश गेला आणि १८५५ मध्ये ही सेवा सर्वसामान्यांसाठी खुली करण्यात आली. आरंभी ओ'शॉनेसी यांनी स्वतः तयार केलेले सुईचे यंत्र वापरले जाई. सुई डावीकडे किंवा उजवीकडे किती वेळा वळली, यावरून अक्षर ओळखावे लागे. सुई स्थिर झाली की मागे काहीही उरत नसे. १८५७ च्या सुमारास आलेल्या मोर्स यंत्रात मात्र कागदी पट्टीवर खुणा उमटत. अशा प्रकारे यंत्राशी झालेल्या व्यवहाराची नोंद राहू लागली.

१४ जून १८५७ रोजी ग्वाल्हेर कंटिंजंटने उठाव केला. या उठावाच्या काळात उत्तर हिंदुस्थानात अनेक ठिकाणी तारा तोडण्यात आल्या. तारेचे सामर्थ्य उठाव करणाऱ्यांना ठाऊक होते, परंतु तिची भाषा शासनाच्या मोजक्या नोकरांपुरतीच मर्यादित होती. ओ'शॉनेसी यांचे सहकारी शिवचंद्र नंदी यांचे उदाहरण येथे लक्षणीय ठरते. अभियांत्रिकीचे औपचारिक शिक्षण नसतानाही त्यांनी प्रत्यक्ष कामातून ही विद्या आत्मसात केली.

हातापासून शब्दापर्यंत

दूरध्वनी आल्यानंतर जोडणी करून देण्याचे काम ऑपरेटरकडे गेले. पुढे स्ट्रोजर पद्धतीच्या स्वयंचलित केंद्रात ग्राहकाने फिरवलेली चकतीच यंत्राला आदेश देऊ लागली. भारतातील पहिले स्वयंचलित केंद्र १९१३-१४ मध्ये सिमल्यात सुरू झाले. केंद्राची देखभाल मात्र हातानेच होत असे. तंत्रज्ञ संपर्कबिंदू साफ करीत आणि बिघाड आवाजावरून ओळखीत. एखादी सुविधा द्यायची असल्यास जोडण्या बदलाव्या लागत.

अमेरिकेत १९६५ मध्ये संगणकीय आज्ञावलीवर चालणारे दूरध्वनी केंद्र सुरू झाले आणि ही कार्यपद्धती बदलू लागली. भारतात ट्रंक कॉलसाठी असे पहिले केंद्र १९८३ मध्ये मुंबईत कार्यान्वित झाले. पुढील वर्षी सी-डॉट या संस्थेची स्थापना झाली. तिने विकसित केलेली ग्रामीण व शहरी केंद्रे देशभर पसरली. आता ग्राहकाची सुविधा सुरू वा बंद करण्यासाठी तंत्रज्ञ टर्मिनलवर आदेश टाइप करू लागला.

आदेशभाषेचे स्वरूप

प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी असल्याने कर्मचाऱ्यांना दर वेळी नव्याने प्रशिक्षण घ्यावे लागे. यावर उपाय म्हणून सीसीआयटीटी या आंतरराष्ट्रीय समितीने 'मॅन-मशीन लँग्वेज' अर्थात एमएमएल या भाषेच्या शिफारशी तयार केल्या. तिचे व्याकरण अत्यंत साधे आहे. प्रथम आदेशाचे नाव, त्यानंतर विसर्गासारखे चिन्ह (:), मग स्वल्पविरामाने वेगळे केलेले तपशील आणि शेवटी अर्धविराम. सी-डॉटच्या केंद्रात नवा ग्राहक नोंदवण्यासाठी 'क्रे-सब' हा आदेश होता. 'क्रिएट' व 'सबस्क्रायबर' या इंग्रजी शब्दांची ती संक्षिप्त रूपे होत.

या भाषेचा एक धोका विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून द्यायला हवा. आदेशात अर्धविराम राहिला तर यंत्र तो स्वीकारीत नाही. पण दूरध्वनी क्रमांकातील एक आकडा चुकला, तर आदेश व्याकरणदृष्ट्या शुद्धच राहतो आणि भलत्याच ग्राहकाची सेवा बंद होते. यंत्र व्याकरण तपासते, हेतू तपासू शकत नाही. म्हणूनच कर्मचाऱ्यांना पासवर्ड व अधिकारश्रेणी देण्यात आल्या आणि दिलेल्या आदेशांची नोंद ठेवली जाऊ लागली. मोर्सच्या कागदी पट्टीचेच हे पुढचे रूप म्हणता येईल.

भाषेचा प्रश्न

ही भाषा निरनिराळ्या राष्ट्रभाषांत वापरता यावी, हा विचार मूळ शिफारशींतच होता. म्हणजे व्याकरण तेच ठेवून आदेशांची नावे स्थानिक भाषेत घेण्यास वाव होता. भारतीय केंद्रांत मात्र इंग्रजी संक्षेपच रूढ झाले. देशी भाषेतून शिकलेल्या विद्यार्थ्याला ते केवळ पाठ करावे लागतात. वस्तुतः निर्माण करणे, बदलणे, दाखवणे, काढून टाकणे अशा मोजक्या क्रियापदांवर या भाषेचा मुख्य व्यवहार चालतो. या क्रियांचा अर्थ मातृभाषेतून समजला, तर इंग्रजी संक्षेप अडसर ठरत नाहीत.

निष्कर्ष

भारतातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. जुन्या दूरध्वनी केंद्रांची जागाही नव्या तंत्रज्ञानाने घेतली. चित्रमय पडदे आले, तरी राऊटर व स्विच सांभाळणारा तंत्रज्ञ आजही लिखित आदेश वापरतो. त्यामुळे व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमात आदेशांची यादी पाठ करून घेणे पुरेसे नाही. प्रत्येक आदेशामुळे यंत्रात काय घडते आणि कोणाच्या सेवेवर परिणाम होतो, हे विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत सांगता आले पाहिजे. तसे झाल्यास ही विद्या मोजक्यांची मिरास राहणार नाही.