घरात जिम करायचीय? आधी ‘ओढायचं’ सामान घ्या

लग्न ठरलं, किंवा डॉक्टरांनी शुगर वाढल्याचं सांगितलं, की घरात जिमचं सामान यायला लागतं. सहा महिन्यांनी ट्रेडमिलवर टॉवेल वाळत असतात आणि डंबेल दार आपटू नये म्हणून दाराला लावलेलं असतं. पैसे जातात ते वेगळेच, पण भलत्या सामानाने खांदा किंवा कंबर धरली तर व्यायामही बंद पडतो. त्यामुळे कोणतं सामान घ्यायचं याच्याइतकंच ते कोणत्या क्रमानं घ्यायचं हेही महत्त्वाचं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनात मोठ्या माणसांसाठी दोन गोष्टी सांगितल्यात. आठवड्याला किमान १५० मिनिटं चालण्यासारखा मध्यम व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. यातलं चालणं बाहेर फुकट होतं. बेळगावला व्हॅक्सिन डेपो आहे, पणजीला मिरामार, बडोद्याला कमाटीबाग. घरात सामान लागतं ते दुसऱ्या भागासाठी.

जोर-बैठकांत काय राहून जातं?

तालमीची सवय असलेल्या आपल्या लोकांना सामानाविना व्यायाम नवा नाही. जोर मारले की छाती, खांदे आणि दंडाची मागची बाजू तयार होते. बैठकांनी मांड्या. पण या दोन्हीत काम आहे ते ढकलण्याचं. ओढण्याचं काम, म्हणजे पाठ, खांद्याची मागची बाजू, दंडाचा पुढचा स्नायू आणि हाताची पकड, यात फारसं होत नाही. तालमीत ही बाजू कुस्तीच्या झोंबाझोंबीत, दोर चढण्यात आणि मल्लखांबावर भरून निघायची. (मध्य प्रदेशाने २०१३ मध्ये मल्लखांबाला राज्यक्रीडा केलं, हे इंदूर-ग्वाल्हेरच्या वाचकांना सांगायला नको.) घरात विहिरीचं पाणी शेंदणं असायचं, तोही ओढण्याचाच व्यायाम. आता नळ आला आणि दिवसभर मोबाइलवर मान खाली घालून बसणं आलं.

म्हणून पहिला पैसा अशा सामानावर घाला, जे फरशीवर करता येत नाही ते करू देईल. छातीसाठी बेंच, पायांसाठी मशीन, हे सगळं नंतरचं.

सगळ्यात आधी: रबरी बँड

लांब, बंद कड्यासारखा एक मध्यम ताणाचा बँड घ्या. खिडकीच्या भक्कम गजाला अडकवून दोन्ही हातांनी पोटाकडे ओढला की पाठीचा व्यायाम झाला. सांधे दुखणाऱ्या वयस्कर माणसांनाही हा जमतो. एक लक्षात ठेवा, बँडच्या रंगाला काही ठरलेला अर्थ नाही. एका कंपनीचा लाल हलका, तर दुसऱ्याचा लाल भारी. पाकिटावर लिहिलेला ताण वाचून घ्या. उन्हात ठेवला की रबर तडकतं, म्हणून दर वेळी ओढण्याआधी बोटानं चाचपून बघा. ताणलेला बँड तुटून डोळ्यावर बसला तर फार वाईट.

मग डंबेल, पण सुटे प्लेट असलेले

इथं लोक जास्त फसतात. ५ किलोची एक तयार जोडी आणतात. महिन्याभरात ती पायांना आणि पाठीला हलकी पडते, आणि खांद्याच्या बाजूच्या व्यायामाला मात्र भारीच राहते. त्यापेक्षा आटे असलेले दोन छोटे बार, नट आणि सुटे लोखंडी प्लेट घ्या. दोन्ही हातांचे मिळून २० किलो ही बहुतेकांना सुरुवातीला पुरणारी भरती आहे. पुढं प्लेट वाढवता येतात.

त्या २० किलोंत छोटे प्लेट किती आहेत हे बघा. सव्वा किलोचे प्लेट नसतील तर वजन थोडं थोडं वाढवता येत नाही. ५ वरून एकदम १० वर उडी मारायला गेलं की मनगट किंवा खांदा दुखावतो. अंदाज असा: ज्या वजनाने ८ ते १२ वेळा नीट होतं आणि शेवटचे दोन जड जातात, ते तुमचं वजन. बाराही सहज झाले तर दोन्ही टोकांना सव्वा-सव्वा किलो वाढवायचं.

स्वस्तात मिळणारे प्लास्टिकचे प्लेट आत सिमेंट भरलेले असतात. काम चालतं, पण सिमेंटपेक्षा लोखंड जवळपास तिप्पट घट्ट, त्यामुळे तेवढ्याच वजनाचा सिमेंटचा प्लेट फुगीर होतो आणि बारवर जास्त प्लेट मावत नाहीत. पडला की फुटतो आणि घरभर भुकटी. लोखंड जन्मभर टिकतं, विकायला काढलं तरी किंमत येते. म्हणून जुनं घ्यायचं असेल तर लोखंडच घ्या, आणि किलोचा भाव काढून तुलना करा. ओतकामात वजन थोडं इकडंतिकडं होतंच, तेव्हा दुकानातल्या काट्यावर दोन्ही प्लेट ठेवून बघायला लाजू नका. प्लेटचं भोकही मोजा. घरगुती बार बारीक असतो, ऑलिंपिक बारच्या टोकाची जाडी ५० मिलिमीटर. ते प्लेट घरच्या बारवर डगडगतात.

डंबेल आलं की पहिला व्यायाम हा: डावा हात खाटेवर टेकवा, पाठ सरळ ठेवून वाका, उजव्या हातानं डंबेल कमरेकडं ओढा. छातीसाठी बेंच नसला तरी अडत नाही. जमिनीवर उताणं झोपून डंबेल वर ढकला. कोपर फरशीला टेकतं, त्यामुळे खांदा नको तितका खाली जात नाही.

सिंगल बार

जागा आणि चौकट पक्की असेल तरच. जुन्या वाड्यांची सागवानी चौकट माणसाचं वजन पेलते. नव्या फ्लॅटमधल्या हलक्या चौकटीत नुसता दाबून बसवलेला बार घसरतो आणि माणूस पाठीवर पडतो. त्यापेक्षा विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत बोल्ट मारून घ्या. पोकळ ब्लॉकची भिंत असेल तर नको. वर ओढता येत नसेल तर आधी नुसतं लटका, १० सेकंद, मग २०.

जे थांबू शकतं

लांब बार आणि बेंच घरात एकट्यानं वापरू नये. डंबेल बाजूला सोडता येतं, पण छातीवर अडकलेला बार काढायला दुसरा माणूस लागतो. ट्रेडमिल घ्यायचीच असेल तर मोटारचा ‘पीक’ नव्हे तर ‘कंटिन्युअस’ हॉर्सपॉवर विचारा, आणि दुरुस्तीला तुमच्या गावात माणूस येतो का तेही. मुदगल घरात असेल तर उत्तम, पण जाणत्याकडून शिकून, आणि पंख्याखाली उभं राहून नव्हे.

अजून मन पक्कं नसेल तर महिनाभर घरच्याच वस्तूंवर काढा. एक लिटर पाण्याची बाटली म्हणजे एक किलो. शाळेच्या दप्तरात पुस्तकं भरून तेच कमरेकडं ओढा. महिनाभर खंड न पडता झालं तर दुकानात जा. हृदयविकार, न आवरलेलं बीपी, हर्निया किंवा मणक्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन उचलताना श्वास कोंडू नका.

फरशीवर जाड रबरी मॅट टाका, नाहीतर पहिला पडलेला प्लेट टाइल फोडणार. मऊ फोमवर उभं राहून वजन उचलू नका, पाय डळमळतो. आणि पावसाळ्यात, गोव्यात तर वर्षभरच, लोखंडाला गंज धरतो. घाम पुसून महिन्यातून एकदा मशीनच्या तेलाचा हात फिरवा, बारच्या आट्यांना विसरू नका. गंजलेला नट अर्धवट बसतो आणि प्लेट डोक्यावरून नेताना सुटतो.