साइनचं कोष्टक आणि सव्विसाव्या शतकातली शर्यत

आपल्या दहावीच्या वर्गात, 1996 साली, मागच्या बाकावर एक 'ब्रिक गेम' फिरायचा. त्यात दोन पेन्सिल सेल आणि राखाडी पडदा. गाड्यांची शर्यत म्हणजे चौकोनी ठिपके वरून खाली सरकायचे, आणि आपण डावीकडे-उजवीकडे उड्या मारायच्या. गणिताच्या तासाला तो पकडला गेला आणि बाईंच्या टेबलाच्या खणात जाऊन बसला. त्याच तासाला मी उभं राहून विचारलं होतं, "बाई, हे साइन-कोसाइन पुढे कशाला लागतात?" वर्ग हसला. बाई एवढंच म्हणाल्या, "लागतील तेव्हा कळेल. आधी कोष्टक पाठ कर."

त्या प्रश्नाचं उत्तर मला बऱ्याच वर्षांनी एका खेळात सापडलं. म्हणून हा त्या खेळाचा थोडा इतिहास.

निन्टेन्डो कंपनीने 21 नोव्हेंबर 1990 रोजी जपानमध्ये 'सुपर फॅमिकॉम' हे घरगुती यंत्र आणलं. त्याच दिवशी 'एफ-झिरो' हा खेळ आला. कथेचा काळ इसवी सन 2560. गाड्यांना चाकं नाहीत, त्या जमिनीपासून थोड्या वर तरंगत धावतात. या यंत्रात एक सोय होती: जमिनीचं सपाट चित्र फिरवायचं, लहान-मोठं करायचं. तेवढ्यावर त्या मंडळींनी क्षितिजापर्यंत पसरलेला रस्ता उभा केला.

पुढे 21 मार्च 2001 रोजी 'गेम बॉय ॲडव्हान्स' हे हातात मावणारं यंत्र जपानमध्ये बाजारात आलं. सोबतच्या पहिल्या खेळांत होता 'एफ-झिरो: मॅक्सिमम व्हेलॉसिटी'. तो बनवला एनडीक्यूब या नव्या कंपनीने. ही कंपनी 2000 साली निन्टेन्डो आणि देन्त्सू यांनी मिळून काढली होती. कथा पहिल्या खेळाच्या 25 वर्षांनंतरची, त्यामुळे गाड्या आणि चालक नवे. नियम मात्र कडक. शर्यत 5 फेऱ्यांची. प्रत्येक फेरीअखेर ठरावीक क्रमांकाच्या आत नसलात तर बाद. कठड्याला घासलात तर गाडीची शक्ती कमी होते, ती संपली की स्फोट. फेरी पूर्ण केली की एकदा वेग वाढवायची मुभा मिळते. ती कुठे वापरायची यातच निम्मा खेळ.

माझ्यासारखीला खरं नवल त्याच्या आतल्या कामाचं. पडदा 240 बाय 160 ठिपक्यांचा. प्रोसेसर 16.78 मेगाहर्ट्झचा. त्याला भागाकाराची सूचनाच नाही, दशांश अपूर्णांकांसाठी वेगळी सोय नाही. आणि सगळं चालायचं दोन पेन्सिल सेलवर.

तरीही रस्ता खोल दिसायचा. कसा? जमीन म्हणजे अंथरलेली सतरंजी समजा. पडदा वरून खाली एकेका ओळीने रंगतो. एक ओळ संपून दुसरी सुरू होईपर्यंत साधारण 16 मायक्रोसेकंदांची उसंत मिळते. त्या उसंतीत सतरंजीचं माप बदलायचं: क्षितिजाजवळच्या ओळीला लहान, आपल्या पायाशी येणाऱ्या ओळीला मोठं. 160 ओळी, सेकंदाला जवळपास 60 चित्रं. म्हणजे दर सेकंदाला सुमारे 9600 वेळा हे माप बदलायचं. गाडी वळली की सतरंजी फिरवायची, आणि फिरवायला लागतात साइन आणि कोसाइन.

एवढ्या वेळा साइन काढत बसायला वेळ कुणाला? म्हणून अशा यंत्रांसाठी प्रोग्रॅम लिहिणारे साइनच्या किमती आधीच काढून त्यांचं कोष्टक मेमरीत ठेवतात. भागाकाराचंही तेच. अपूर्णांक नकोत म्हणून सगळ्या किमती 256 सारख्या संख्येने गुणून पूर्णांकात ठेवायच्या. नोकरीत एका छोट्या यंत्रासाठी मी पहिल्यांदा असं कोष्टक लिहिलं, तेव्हा शेजारच्या सहकाऱ्याने आपला जुना गेम बॉय ॲडव्हान्स काढून हा खेळ मला दाखवला. म्हणाला, "बघ, यातही हेच आहे." मला वहीचं शेवटचं पान आठवलं: 0, 30, 45, 60, 90.

या खेळाला एक दुखणं होतं. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता. सव्विसाव्या शतकातली शर्यत खेळायला खिडकीशी नाहीतर दिव्याखाली बसावं लागे. उजेडाची सोय 2003 सालच्या 'एसपी' मॉडेलमध्ये आली. त्याच वर्षी 'जीपी लेजेंड' आणि 2004 मध्ये फक्त जपानपुरता 'क्लायमॅक्स' हे पुढचे खेळ आले. मग ही मालिका जी थांबली, ती 2023 च्या 'एफ-झिरो 99' पर्यंत. तब्बल 19 वर्षं. मधल्या काळात फोन शक्तिमान झाले, मेमरी स्वस्त झाली, आणि एकेक ओळ वाचवून काम करण्याची गरज उरली नाही. आज माझ्या टीममधली मुलं हुशार आहेत, पण "बसत नाही" म्हटलं की मेमरी वाढवून मागतात. त्यांना मी ही सतरंजीची गोष्ट सांगते. कधी ऐकतात, कधी हसतात, आपल्या वर्गासारखीच.

बाई, तुम्ही संमेलनाला येणार आहात असं कळलं. तेव्हा उत्तर न देता तुम्ही मला खाली बसवलंत, याचा मला बरीच वर्षं राग होता. आता वाटतं, 1996 साली हे उत्तर देता येण्यासारखंच नव्हतं, कारण ते यंत्र अजून जन्मायचं होतं. तुम्ही कोष्टक दिलंत, ते पुरलं.

आणि तो ब्रिक गेम अजून खणात असेल, तर सेल मी घेऊन येते.